टोकांची गोष्ट : गुणसूत्रे आणि रानची झाडे

मागावर कापड विणणाऱ्या कारागिराला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. ताणा कितीही लांब लावला, तरी त्याचा शेवटचा थोडा भाग विणता येत नाही. तेथे धोटा फिरावयास जागाच उरत नाही. ते सूत मोकळे राहते आणि उपरण्याला आपण ज्यांना दशा म्हणतो त्या त्यातूनच होतात. त्या दशांना पीळ देऊन गाठ मारली नाही, तर चांगले विणलेले कापडही टोकाकडून उसवू लागते.

सजीवांच्या पेशीत नेमकी हीच अडचण आहे. तिची सोडवणूक निरनिराळ्या वनस्पतींनी निरनिराळ्या तऱ्हेने कशी केली, हे या लेखात आम्हांला सांगावयाचे आहे. विषय सूक्ष्म आहे, पण त्याची उदाहरणे आपल्या स्वयंपाकघरात आणि परसातच सापडतात.

कॉलेजात जीवशास्त्र शिकलेल्या वाचकांना कांद्याच्या मुळाचे शेंडे आठवत असतील. काचेवर दाबून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ते पाहिले, की विभागणाऱ्या पेशींत दोऱ्यांसारखे तुकडे दिसतात. तीच गुणसूत्रे. माणसात त्यांच्या 23 जोड्या असतात, कांद्यात 8. प्रत्येक गुणसूत्र म्हणजे डीएनए या द्रव्याचा एक अतिशय लांब धागा असून त्यावर आनुवंशिक मजकूर चारच अक्षरांत लिहिलेला असतो : ए, टी, जी आणि सी. पेशीची विभागणी होण्यापूर्वी या सगळ्या मजकुराची नक्कल होते.

धाग्याला दोन टोके असावयाचीच. त्यांत विशेष ते काय, असे कोणालाही वाटेल. पण 1930 नंतरच्या दहा वर्षांत दोन अमेरिकन संशोधकांना त्यात विशेष दिसले. हर्मन म्युलर फळमाशीवर क्ष-किरण सोडून तिची गुणसूत्रे मोडत असत, तर बार्बरा मॅक्लिंटॉक मक्याच्या गुणसूत्रांचा अभ्यास करीत असत. मोडलेली टोके चिकट असल्यासारखी एकमेकांना जुळतात, विभागणीच्या वेळी ओढली जाऊन पुन्हा तुटतात आणि पुन्हा भलत्याच ठिकाणी जुळतात, असे त्यांना आढळले. मूळची, निसर्गदत्त टोके मात्र कशालाही चिकटत नाहीत. तेव्हा त्यांच्यावर काहीतरी निराळे आवरण असले पाहिजे. म्युलर यांनी 1938 साली या टोकांना ‘टेलोमिअर’ हे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ एवढाच : शेवटचा भाग. मॅक्लिंटॉकबाईंनी आणखी एक गोष्ट टिपून ठेवली. मक्याच्या कोवळ्या गर्भात तुटलेले टोकही कधीकधी आपोआप बरे होते. ते कसे, हे कळावयास पुढे जवळजवळ अर्धे शतक जावे लागले.

आता दशांची अडचण पाहू. डीएनएची नक्कल करणारी यंत्रणा धाग्याच्या अगदी शेवटापर्यंत पोचू शकत नाही. म्हणून प्रत्येक नकलेत टोकाची काही अक्षरे गळतात. असेच चालले, तर पिढ्यांमागून पिढ्या धागा आखूड होत जाईल आणि शेवटी कामाचा मजकूरच कापला जाईल. यावर तोड एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांच्या कामातून सापडली. तळ्याच्या पाण्यातील एका एकपेशीय जीवाच्या गुणसूत्रांची टोके त्यांनी 1978 साली वाचली. तेथे अर्थपूर्ण मजकूर नव्हता. एकच छोटासा अक्षरगट जपमाळेसारखा पुनःपुन्हा आलेला होता. पुढे 1985 साली कॅरोल ग्रायडर आणि ब्लॅकबर्न यांनी ही माळ वाढविणारे विकर शोधले. त्याचे नाव टेलोमरेज. या विकराजवळ आरएनए या द्रव्याचा एक छोटा साचा असतो. त्यात पाहून ते टोकाला नवे मणी ओवीत जाते. जेवढे गळते, तेवढे ते भरून काढते. या कामाबद्दल त्या दोघींना आणि जॅक शोस्टाक यांना 2009 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

वनस्पतींतील ही माळ प्रथम 1988 साली वाचण्यात आली. ज्या वनस्पतीत ती वाचली, तिचे नाव अ‍ॅराबिडॉप्सिस. मोहरीच्या कुळातील वीतभर उंचीचे हे रानतण युरोपात भिंतीच्या कडेला, पडीक रानात कोठेही उगवते. त्याच्या माळेतील मणी सात अक्षरांचा निघाला : टी टी टी ए जी जी जी. मग तोच मणी एकामागून एक वनस्पतींत सापडत गेला आणि साऱ्या वनस्पतिसृष्टीचा हाच नियम, असे मानण्याकडे कल झाला. माणसाचा मणी सहा अक्षरांचा, एक टी कमी असलेला.

या नियमाला प्रथम धक्का दिला तो आपल्या ओळखीच्याच झाडांनी. कोरफडीत हा सात अक्षरी मणी सापडेना. शोध घेता तेथे सहा अक्षरी, म्हणजे माणसाचाच मणी आहे असे या शतकाच्या आरंभी दिसून आले. शतावरीतही तोच. यावरून कोरफड आपली जवळची नातलग ठरत नाही. या वनस्पतींच्या एका प्राचीन पूर्वजात साचा बदलला, आणि तो योगायोगाने आपल्या साच्याशी जुळला, एवढाच त्याचा अर्थ.

कांद्याने तर सर्वांनाच चकविले. त्याच्याजवळ सात अक्षरी मणीही नाही आणि सहा अक्षरीही नाही. जगभरच्या विद्यार्थ्यांनी ज्याची गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, त्या कांद्याच्या टोकांना काय असते हेच कोणाला ठाऊक नव्हते! हे कोडे 2016 साली ब्रनो येथील संशोधकांनी उलगडले. ज्या गावात 1865 साली ग्रेगोर मेंडेल यांनी वाटाण्यावरील आपले प्रयोग स्थानिक मंडळाच्या सभेत दोन व्याख्यानांतून सांगितले, तेच हे ब्रनो. कांद्याचा मणी बारा अक्षरांचा निघाला : सी टी सी जी जी टी टी ए टी जी जी जी. रातराणीच्या गोत्रातील एका तांबड्या फुलांच्या झुडपाचा मणी त्याच्या आदल्याच वर्षी वाचला गेला होता. तो दहा अक्षरी असून त्यात सहा टी एका ओळीत आहेत. पुढे 2019 साली वनस्पतींच्या टेलोमरेजमधील साचा हाती लागला. जेथे मणी निराळा, तेथे साच्यातील अक्षरेही तशीच निराळी आढळली. साच्यात बदल झाला, की सगळी माळ हळूहळू नव्या मण्यांची होते.

येथवर एका जातीचा दुसऱ्या जातीशी भेद पाहिला. पण एकाच जातीच्या रानझाडांतही टोके सारखी नसतात. अ‍ॅराबिडॉप्सिसची बियाणी निरनिराळ्या देशांतून गोळा करून जपून ठेवलेली आहेत. त्यांपैकी कोलंबिया नावाच्या वाणात टोकाची माळ सुमारे 2 ते 5 हजार अक्षरांची भरते, तर वासिलेव्स्किया नावाच्या वाणात साडेतीन ते 8 हजारांची. प्रत्येक वाण आपली लांबी पिढ्यान्‌पिढ्या राखून असतो. ही लांबी कोण ठरविते, हे शोधण्यासाठी 19 वाणांच्या संकरातून तयार केलेल्या संततीची टोके मोजण्यात आली. तेव्हा 2019 साली एका अनपेक्षित जनुकाचे नाव पुढे आले. त्याचे नेहमीचे काम टोके सांभाळण्याचे नव्हे. पेशीत प्रथिने बनविणारे जे कारखाने असतात, त्यांच्या उभारणीत त्याचा हात असतो. ते बंद पाडले, की टोके आखूड होतात आणि नव्या आखूड मापावर स्थिरावतात. एकच वाण पाळून हे जनुक या मार्गाने सापडलेच नसते. रानात भेद होता, म्हणून ते सापडले.

लांब टोके म्हणजे दीर्घायुष्य, असे अलीकडे जाहिरातींतून सांगण्यात येते, आणि टोके वाढविणाऱ्या गोळ्याही विकल्या जातात. वनस्पती मात्र निराळी साक्ष देतात. अ‍ॅराबिडॉप्सिस, भात आणि मका या तिघांत लांब टोकांचे वाण लवकर फुलावर येतात, असा कल 2021 साली दिसून आला. अ‍ॅराबिडॉप्सिस तर फुलून बी धरले की मरून जाते. टेलोमरेज मुळीच नसलेली अ‍ॅराबिडॉप्सिसची रोपेही करून पाहण्यात आली. दर पिढीला त्यांची सुमारे 500 अक्षरे गळत गेली. तरी पहिल्या पाच पिढ्या दिसावयास निरोगी होत्या आणि वंश दहाव्या पिढीपर्यंत टिकला. माणसातही जन्मतः टोके लांब असणाऱ्यांना काही कर्करोगांचा धोका अधिक असतो, कारण बेबंद वाढणाऱ्या पेशीलाही लांब टोके सोयीचीच पडतात. लांबी हा गुणही नव्हे आणि दोषही नव्हे. ज्याचे जगणे जसे, तसे त्याला माप. गोळी विकत घेण्यापूर्वी एवढे ध्यानी धरावे.

‘एका तणाची अक्षरे मोजून काय मिळते?’ असा प्रश्न अशा विषयावर बोलताना आम्हांला हटकून विचारण्यात येतो. उत्तर वर आलेच आहे. टोकांची राखण झालीच पाहिजे, हा नियम अढळ; पण ती कोणत्या अक्षरांनी आणि केवढ्या मापाने व्हावी, याला मोकळीक आहे. नियम कोठवर ताणतो, हे नियम पाळणाऱ्यांकडे पाहून कळत नाही. चाकोरीबाहेर गेलेल्यांकडे पाहावे लागते. ते प्रयोगशाळेत तयार होत नाहीत. कोठल्या तरी कातळाच्या फटीत, माळाच्या कडेला, नदीच्या दरडीवर ते हजारो वर्षे आपापल्या परीने जगत आलेले असतात. तो माळ एका दिवसात सपाट होतो. झाड नाहीसे झाले, की ते काय सांगणार होते हे कधीच कळत नाही, आणि काहीतरी हरवले आहे याचीही कोणाला दाद नसते.

आपल्या सह्याद्रीच्या सड्यांवर पावसाळ्यात चार महिने दिसणारी कितीतरी झाडे जगात अन्यत्र कोठेही उगवत नाहीत. त्यांची बियाणी जपणे आणि ती जेथे उगवतात ती जागा मोकळी ठेवणे, एवढे तरी आपल्या हाती आहे. दशांना गाठ मारल्यावाचून वस्त्र टिकत नाही, हे विणकराला कोणी शिकवावे लागत नाही. आपणही ते ओळखावे, एवढेच सांगून आम्ही लेख पुरा करतो.