शाकाहारींविषयीचा पूर्वग्रह: म्हैसूरच्या अग्रहारापासून ब्रिटनच्या न्यायाधिकरणापर्यंत

म्हैसूरच्या राजवाड्यापासून जवळच अग्रहार हा शहराचा जुना भाग आहे. राजाने ब्राह्मणांना वस्तीसाठी दान दिलेली जागा म्हणजे अग्रहार. अशा वस्तीत शाकाहार हा नियमच असे; त्याचे कारण कोणी विचारत नसे आणि कोणाला ते सांगावेही लागत नसे. मात्र अशा घरातील मुलगा शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी परगावी गेला, की त्याच्या ताटाची चौकशी सुरू होते. नुसत्या सार-भातावर अंगात ताकद कशी येणार, हा त्यातील नेहमीचा प्रश्न. कन्नडमध्ये अशांना चिडवण्यासाठी 'पुळिचारू' हा शब्द वापरला जातो. मराठीत 'वरणभात खाणारा' हा शेरा साधारण त्याच अर्थाने मारला जातो.

ही थट्टा बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. परंतु तिच्यामागे काही ठाम समजुती असतात आणि त्या समजुती कधीकधी माणसाचे स्थान ठरवू लागतात.

बहुसंख्य कोण?

भारत हा शाकाहारींचा देश आहे, ही समजूत जगभर रूढ आहे. प्रत्यक्षात नमुना नोंदणी पद्धतीच्या २०१४ च्या पायाभूत सर्वेक्षणानुसार १५ वर्षांवरील सुमारे ७१ टक्के भारतीय मांसाहारी आहेत. कर्नाटकात शाकाहारींचे प्रमाण सुमारे २१ टक्के, तर महाराष्ट्रात सुमारे ४० टक्के आढळले. म्हणजे अग्रहारासारख्या वस्तीत बहुसंख्य असणारा माणूस राज्याचा विचार केल्यास अल्पसंख्य ठरतो.

दुसरी समजूत अशी, की शाकाहारी म्हणजे उच्चवर्णीय. भारतात आहार आणि जातिव्यवस्था यांचा संबंध जुना आहे, हे खरे. त्यामुळे शाकाहारावरील टीका अनेकदा जातीच्या अहंकारावरील टीका असते आणि तिला आधारही असतो. मात्र महाराष्ट्रात तुळशीची माळ घातल्यावर मांसाहार सोडणारे असंख्य वारकरी शेतकरी व कारागीर समाजांतील आहेत. कर्नाटकातील लिंगायत आणि जैन समाजांतही शाकाहाराची परंपरा आहे. केवळ ताटावरून जात ओळखू पाहणारा येथे चुकतो.

शाकाहारी माणूस दुबळा असतो, ही तिसरी समजूत वसाहतकाळात बळावली. इंग्रज मांस खातात म्हणून राज्य करतात, असे तेव्हा सांगितले जाई. महात्मा गांधींनी राजकोटमध्ये शालेय वयात याच युक्तिवादाला भुलून चोरून मांस खाल्ल्याची कबुली आत्मकथेत दिली आहे. पुढे १८८८ मध्ये ते लंडनला गेले. तेथे हेन्री सॉल्ट यांचे पुस्तक वाचल्यानंतर त्यांचा शाकाहार विचारपूर्वक स्वीकारलेला झाला. तोपर्यंत तो आईला दिलेल्या वचनापुरता होता.

शाकाहारींमध्येही परका

दूध, दही, तूप आणि मधही वर्ज्य मानणाऱ्या व्यक्तींना 'व्हीगन' म्हणतात. हा शब्द १९४४ मध्ये ब्रिटनमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केला. म्हैसूरमध्ये योग शिकण्यासाठी येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांमुळे तो या शहरालाही अपरिचित नाही.

परंतु ज्या घरात मांस कधीच शिजले नाही, तेथेही व्हीगन व्यक्तीची अडचण होते. म्हैसूरपाक तुपाशिवाय होत नाही, डोशावर लोणी असते आणि फिल्टर कॉफीत दूध असते. देवळातील पंचामृत नाकारणे तर अनेकांना श्रद्धेचा अवमान वाटतो. मांसाहारी शेजाऱ्याकडून 'नखरे' हा शब्द ऐकावा लागल्याने दुखावलेले शाकाहारी कुटुंब घरातील व्हीगन मुलीला तोच शब्द सहज ऐकवते. स्वतः गांधीजींनी दूध सोडले होते. १९१८ च्या गंभीर आजारपणात त्यांनी शेळीचे दूध स्वीकारले आणि ही तडजोड त्यांना पुढेही सलत राहिली.

राग कशाचा येतो?

या नाराजीची कारणे मानसशास्त्रज्ञांनी शोधली आहेत. ज्युलिया मिन्सन आणि बेनोआ मोनँ यांच्या २०१२ मधील अभ्यासात ४७ टक्के सहभागींनी शाकाहारींविषयी किमान एक नकारात्मक शब्द सुचवला. शाकाहारी लोक आपल्याला नैतिकदृष्ट्या कमी लेखत असतील, असे ज्यांना जितके अधिक वाटले, तितका त्यांचा सूर अधिक कडवट होता. म्हणजे समोरचा काही बोलला नाही, तरी त्याचे ताट आपल्यावर टीका करत आहे, असे वाटून राग येतो.

कॅनडातील कारा मॅकइनिस आणि गॉर्डन हॉडसन यांनी दाखवले, की प्राण्यांच्या हितासाठी मांस सोडणाऱ्यांविषयी लोकांचे मत प्रकृतीसाठी सोडणाऱ्यांपेक्षा अधिक प्रतिकूल असते. वैद्यकीय सल्ला लोक मान्य करतात. नैतिक कारण मात्र त्यांना टोचते.

कायदा काय म्हणतो?

ब्रिटनमध्ये हा प्रश्न रोजगार न्यायाधिकरणापुढे आला. सप्टेंबर २०१९ मध्ये एका प्रकरणात शाकाहार हा जीवनशैलीचा भाग असून कायद्याने संरक्षित श्रद्धा नव्हे, असा निर्णय झाला. त्यानंतर काही महिन्यांतच, जानेवारी २०२० मध्ये, जोर्दी कासामित्याना यांच्या प्रकरणात नैतिक व्हीगनवाद ही समता कायदा २०१० खाली संरक्षित तात्त्विक श्रद्धा मानली गेली. हे निर्णय इतर न्यायालयांवर बंधनकारक नाहीत.

भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद १५ मध्ये धर्म, वंश, जात, लिंग व जन्मस्थान यांवरून भेदभावास मनाई आहे. आहाराचा स्वतंत्र उल्लेख नाही. अहमदाबादमधील कत्तलखाने पर्युषणात नऊ दिवस बंद ठेवण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये वैध ठरवला. त्याच निकालात, कोणी काय खावे हा ज्याचा त्याचा खासगी प्रश्न आहे, असेही न्यायालयाने नमूद केले. वेष्टनावरील हिरव्या खुणेमुळे शाकाहारींची सोय झाली आणि २०२२ च्या नियमांनी व्हीगन पदार्थांनाही स्वतंत्र चिन्ह मिळाले.

दुसरी बाजू

शाकाहारी जेथे प्रबळ असतात, तेथे चित्र उलटे होते. मुंबईत मांसाहारी कुटुंबांना काही इमारतींत घर नाकारले जाते, अशा तक्रारी वर्षानुवर्षे होत आल्या आहेत. २०२३ मध्ये आयआयटी मुंबईतील काही भोजनगृहांत शाकाहारींसाठी वेगळी टेबले ठेवण्यावरून वाद झाला आणि निषेध करणाऱ्या विद्यार्थ्याला १० हजार रुपये दंड करण्यात आला. शाकाहारी व्यक्तीला टोमणा ऐकावा लागतो. मांसाहारी व्यक्तीला घर किंवा पंगतीतील जागा गमवावी लागू शकते. दोन्ही गोष्टींचे वजन सारखे नाही.

त्यामुळे प्रत्येक प्रसंगी दोन प्रश्न उपयोगी पडतात. या माणसाला त्याच्या आहारामुळे काही नाकारले जात आहे का? आणि तो जे बोललाच नाही, ते त्याच्या तोंडी घातले जात आहे का? पहिल्याचे उत्तर 'होय' असेल, तर तो भेदभाव आहे; दुसऱ्याचे असेल, तर तो पूर्वग्रह. अग्रहारातील पंगतीत तूप नको म्हणणारी मुलगी असो वा वसतिगृहात अंडे मागणारा मुलगा, हे प्रश्न दोघांनाही सारखेच लागू होतात.