मुलाच्या मनाचीही वाढ होत असते

दिवाळी आटोपली की म्हसावद परिसरातून ऊसतोडीच्या टोळ्या गुजरातच्या कारखान्यांकडे निघतात. तान्हे मूल आईबरोबर फडावर जाते, शाळेत जाणारे आजीजवळ राहते. परत आल्यावर आईबाप मुलाचे वजन बघतात, ताप-खोकला विचारतात. मूल अबोल झाले आहे का, वर्गात मागे जाऊन बसू लागले आहे का, हे मात्र विचारायचे राहून जाते. त्याबद्दलच आज आम्ही लिहीत आहोत.

पहिल्या दोन वर्षांत मेंदू सर्वांत झपाट्याने वाढतो. त्याला वरण-भात, अंडे लागते, तसेच बोलणे आणि खेळणेही लागते. जमैका देशातील किंग्स्टन शहरात 1986 च्या सुमारास वाढ खुंटलेल्या गरीब मुलांच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा तासभर जात. मुलाशी कसे खेळावे, कसे बोलावे हे त्या आईला दाखवत. खेळणी टाकाऊ वस्तूंची. हे दोन वर्षे चालले. वीस वर्षांनी पाहिले, तर ही मुले तशाच इतर मुलांपेक्षा सुमारे 25 टक्के जास्त कमावत होती. भाकरी थापताना बाळाशी बोलायला पैसा लागत नाही. घरात अहिराणी असो की भिली, त्याच भाषेत बोलावे.

मूल थोडे मोठे झाले की घराबाहेरचे शब्द त्याच्या कानावर पडू लागतात. उत्तर प्रदेशात कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची कोडी दिली, चक्रव्यूहातून वाट काढायची. जात कोणीच उच्चारली नाही, तेव्हा दलित मुले सवर्ण मुलांच्या बरोबरीने कोडी सोडवत होती. मग सगळ्यांसमोर प्रत्येकाचे नाव, बापाचे, आजोबाचे नाव आणि जात वाचून दाखवली. दलित मुलांची सुटलेली कोडी लगेच बरीच कमी झाली. मुले तीच, बुद्धीही तीच. आपल्याला इथे न्याय मिळणार नाही असे मनात आले की हात थबकतो. सततची भीती आणि अपमान यांनी झोप, लक्ष, स्मरण सगळेच बिघडते.

साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेब घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसत, हे आपल्या घराघरांत माहीत आहे. दुसरी बाजू आपण कमी सांगतो. परळच्या एका खोलीत रामजी सुभेदार रात्री दोन वाजेपर्यंत जागत, भिवाला अभ्यासाला उठवत आणि मग त्याच्या जागेवर स्वतः झोपत. केळुसकर गुरुजींनी मॅट्रिकनंतर, 1907 साली, स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांच्या हाती दिले. घरात एक आणि घराबाहेर एक, असा भरवसा ठेवणारा मोठा माणूस असला की मूल पुष्कळ सोसून उभे राहते. म्हणून ‘हा ढच आहे’, ‘मुलीला शिकून काय करायचंय’ ही वाक्ये आम्हाला शिवीइतकीच घातक वाटतात. चुकले तर चुकलेले काम दाखवावे, मुलावर शिक्का मारू नये.

दहा ते एकोणीस हे वय वेगळेच. भावना जोरात येतात. आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग विशी ओलांडल्यावरही पिकतच असतो. म्हणून मित्रांचा शब्द आईबापांपेक्षा मोठा वाटतो. उलट उत्तर दिले की मारणे हा उपाय नव्हे. मार खाल्लेले पोर पुढच्या वेळी सांगतच नाही, आणि गुटखा कुणी दिला, मोबाइलवर कोण त्रास देतो, हे कळायचे बंद होते. या वयात आठ ते दहा तास झोप हवी. मुलीचे अठराच्या आत लग्न ठरवले की तिचे शिक्षण, मैत्रिणी, शरीराची वाढ, सगळेच एकदम तुटते.

तोडीला जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी मुख्याध्यापकांना हंगामी वसतिगृहाबद्दल विचारावे. मूल मागे राहणार असेल तर कधी परतणार ते त्याला खरे सांगावे. झोपेत असताना निघून जाऊ नये. रोज ठरलेल्या वेळी फोन करावा आणि अभ्यासाआधी ‘आज कोणाबरोबर खेळलास?’ हे विचारावे.

दोन आठवड्यांहून जास्त मूल उदास राहिले, जेवण-झोप उडाली, शाळेचे नाव काढताच पोट दुखू लागले, तर भगताकडे वेळ न घालवता ग्रामीण रुग्णालयात न्यावे. मनाच्या त्रासासाठी 14416 हा सरकारी फोन रात्रंदिवस मोफत चालू असतो. मुलाला कोणी मारहाण किंवा छळ करत असेल तर 1098. मरणाची भाषा कोणी बोलले तर थट्टा समजू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा आणि तोवर त्याला एकटे सोडू नये.