विंचवाचा दंश आणि शरीराचा तोल

अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांस 'समस्थिति' म्हणजे काय असें विचारलें असतां बहुतेक जण व्याख्या घडाघडा म्हणून दाखवितात : शरीराची अंतर्गत परिस्थिति स्थिर राखणें. उत्तर बरोबर असतें, गुणहि मिळतात. परंतु 'स्थिर' या शब्दानें घोंटाळा होतो. मुलांच्या डोळ्यांपुढें सांचलेलें डबकें उभें राहतें, आणि शरीर तर डबक्यासारखें मुळींच नाहीं.

मी कर्जत तालुक्यांतील कडावचा. स्वतः मॅट्रिकच्या पुढें शिकलेला नाहीं; परंतु निवृत्त झाल्यापासून गांवचीं वरच्या इयत्तांचीं मुलें पुस्तकें घेऊन ओटीवर येतात. आमच्याकडे पीक भाताचें, म्हणून मी त्यांस लावणीचें शेत दाखवितों. रोपांच्या बुडाशीं पाणी बेताचें हवें. जोराची सर आली कीं शेतकरी बांध फोडून पाणी सोडून देतो. उघाड पडली कीं तोच बांध चिखलानें बुजवितो. दुरून पाहणारास पाणी दिवसभर तेवढेंच दिसतें, परंतु त्या 'तेवढेंच'च्या मागें माणसाचें एकसारखें लक्ष असतें. पातळी ढळली कीं उलट दिशेची दुरुस्ती, हेंच समस्थितीचें मर्म. 'होमिओस्टॅसिस' हा मूळ शब्द अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनीं १९२६ सालीं रूढ केला. आणि संकट येतांच प्राण्याचें शरीर लढावयास वा पळावयास कसें सिद्ध होतें, हेंहि त्यांनींच विस्तारानें दाखविलें.

हे दोन विषय मुलें निरनिराळे पाठ करितात. ते एकत्र आणणारें उदाहरण आपल्याच रायगड जिल्ह्यांत, दक्षिणेस महाडकडे घडलें आहे. महाडजवळील बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रांत १९७६ सालीं डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. कोंकणांत तांबडा विंचू पुष्कळ. थोरल्या काळ्या इंगळीस आपण अधिक भितों. जीव घेतो तो मात्र हा लहान तांबडा. त्या काळीं त्याच्या दंशानें गंभीर झालेल्या रोग्यांपैकीं शेंकडा तीसच्या घरांत दगावत. डॉक्टरांनीं रोग्यांजवळ बसून लक्षणें टिपलीं : वांति, घामानें निथळणारें अंग, गार पडलेले हातपाय, धडधडणारी नाडी; पुढें धाप, आणि खोकल्याबरोबर तांबूस फेंस. दंशाच्या जागीं नुसती असह्य कळ असणें हें तितकें भयाचें नव्हे. घाम, वांति आणि गार हातपाय हीं भयाचीं चिन्हें. अशा वेळीं मांत्रिकाकडे घालविलेला एक तासहि महाग पडतो.

येथें मी थांबतों आणि मुलांस विचारतों : वैशाखांत घाम येतो तेव्हां अंग गरम लागतें, मग या रोग्याचे हात घामेजलेले असूनहि गार कां? उन्हाळ्यांत शरीरास उष्णता बाहेर टाकावयाची असते, म्हणून कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. भीतीच्या वेळीं रक्त हृदयाकडे व स्नायूंकडे वळवावयाचें असतें. कातडीच्या वाहिन्या आवळतात, आणि घाम येतो तो गार. प्रश्नपत्रिका हातीं पडतांना आपले तळहात कसे होतात, हें विद्यार्थ्यास निराळें सांगावें लागत नाहीं! तें भय ओसरलें कीं सर्व पूर्ववत् होतें. विंचवाच्या विषांत तें होत नाहीं. मज्जातंतूंतील सोडियमचीं सूक्ष्म दारें नीट मिटत नाहींत, तंतु संदेश पाठवीतच राहतात, आणि अॅड्रेनॅलिन व त्याच्या जातीच्या द्रव्यांचा रक्तांत पूर लोटतो. वाहिन्या आवळलेल्या, दाब चढलेला. त्याविरुद्ध रेटतां रेटतां हृदय थकतें व फुप्फुसांत पाणी भरतें. जीव वांचविण्याची जी तयारी, तीच थांबेनाशी झाल्यामुळें जिवावर उठते.

इतकें ध्यानीं आलें म्हणजे उपाय मुलें आपण होऊनच सुचवितात : आवळलेल्या वाहिन्या सैल करा. बावस्करांनीं तेंच केलें. रक्तदाबाकरितां वापरली जाणारी प्राझोसिनची साधी गोळी त्यांनीं दिली. 'लॅन्सेट' या इंग्रजी वैद्यकीय पत्रांत १९८६ सालीं तें प्रसिद्ध झालें, आणि पुढें मृत्यूचें प्रमाण शेंकडा एकाच्या आसपास उतरलें. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या महाडच्या एका अभ्यासांत, गोळीबरोबर प्रतिविषहि दिलेले रोगी नुसती गोळी दिलेल्यांपेक्षां लवकर बरे झाल्याचें दिसलें.

एक बारकावा मी हुशार मुलांसाठीं राखून ठेवितों. गोळी दिल्यावर रोग्यास आडवेंच ठेवितात, तें कां? आपण अंथरुणांतून उठून उभे राहतों त्या क्षणीं रक्त पायांकडे उतरूं लागतें. मानेंतील धमन्यांच्या भिंतींस दाब घटल्याची जाणीव होते, आणि पायांकडील वाहिन्या आवळून मेंदूचा रक्तपुरवठा राखला जातो. रोज सकाळीं हें आपल्या नकळत घडतें. गोळीनें हें आवळणेंच ढिलें पडलेलें असतें. रोगी एकाएकीं उठला तर भोवळ येऊन पडावयाचा.