फायनान्सर पाच कोटी आणतो म्हणतोय? आधी स्वतःचं भोक पाडा

परवा करमाडकडून एका दर्शकाचा फोन आला. गौण खनिजाचा खाणपट्टा आहे, जुना क्रशर आहे, नवीन मशिनरी टाकायची आहे. बँकेनं फाइल परत पाठवली. मग एक फायनान्सर भेटला. पाच कोटी देतो म्हणाला, बँकेच्या लेटरहेडवरचं पत्रही दाखवलं. फक्त आधी चार लाख प्रोसेसिंग फी. आमच्या या मित्रानं पत्र मेहुण्याला दाखवलं आणि मेहुण्यानं दोन लाख काढूनही ठेवले. आता प्रश्न फक्त फायनान्सरच्या पतीचा राहिला नाही. तुमच्या शब्दावर मेहुण्यानं पैसे काढलेत, म्हणजे तुमचीही पत पणाला लागली ना?

खाणीचा विषय निघाला म्हणून ब्रे-एक्सची गोष्ट सांगतो. कॅनडातली छोटी कंपनी. इंडोनेशियातल्या बुसांगला सोन्याचा प्रचंड साठा सापडला, असं तिनं सांगितलं आणि कंपनीची बाजारातली किंमत सहा अब्ज कॅनेडियन डॉलरपर्यंत गेली. खाणीत ड्रिलिंग करून काढलेल्या दगडाच्या नळीचा अर्धा भाग पुढच्या तपासणीसाठी जपून ठेवायची पद्धत असते. यांनी सगळाच दगड चुरून टाकला. म्हणजे पुन्हा तपासायला काही शिल्लकच नाही! मोठमोठ्या लोकांनी हे चालवून घेतलं. शेवटी फ्रीपोर्ट कंपनीनं भागीदारीआधी त्यांच्याच भोकांशेजारी स्वतःची भोकं पाडली. सोनं नगण्य निघालं. मे १९९७ मध्ये स्वतंत्र तपासणीचा अहवाल आला: नमुन्यांत सोनं बाहेरून मिसळलेलं होतं. ज्यांनी कंपनीच्याच कागदावर विश्वास ठेवला, त्यांचे पैसे बुडाले.

लांब कशाला जायचं? डीएमआयसीत जमीन गेलेल्या बिडकीन भागातल्या शेतकऱ्यांचा मोबदला '३०-३०' योजनेत अडकला, ते आपण इथंच पाहिलंय. सुरुवातीला परतावा मिळत होता, म्हणून तर माणसं वाढली.

मग शेजारचं भोक म्हणजे काय? पत्रावर छापलेल्या नंबरवर फोन करायचा नाही. तो नंबर त्यानंच दिलाय. बँकेच्या वेबसाइटवरून शाखेचा पत्ता काढा, स्वतः जा, मॅनेजरसमोर पत्र ठेवा. कंपनीचं नाव एमसीएच्या साइटवर टाका; भरणा झालेलं भांडवल एक लाख आणि कंपनी सहा महिन्यांची असेल, तर पाच कोटी कुठून येणार हे त्यालाच विचारा. 'आमची एनबीएफसी आहे' म्हणाला तर रिझर्व्ह बँकेच्या यादीत नाव बघा. आधी कुणाला पैसे दिलेत, त्यातल्या दोघांच्या कारखान्यात प्रत्यक्ष जाऊन चहा प्या. अडचण वाटली तर रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर तक्रार करता येते.

फीबद्दल गैरसमज नको. बँकाही प्रोसेसिंग फी घेतात. पण ती संस्थेच्या खात्यात जाते आणि पावती मिळते. इथं पैसे एका माणसाच्या वैयक्तिक खात्यावर मागितले होते. मला तर एवढ्यावरच उठून यावंसं वाटलं असतं. पण गरज असली की आपण मन वळवतो, हेही खरं.

मी त्यांना एकच वाक्य बोलायला सांगितलं: "साहेब, फी कर्जाच्या रकमेतून कापून घ्या." सोमवारी त्यांनी ते व्हॉट्सॲपवर पाठवलं. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर अजून आलेलं नाही. मेहुण्याचे दोन लाख मात्र त्याच दिवशी परत गेले.