नवी बॅटरी आणण्यापूर्वी

निफाड तालुक्याच्या थंडीची बातमी दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात येते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा किती उतरला हे साऱ्या महाराष्ट्रात वाचले जाते; डिसेंबर २०१८ मध्ये तो २ अंशांच्याही खाली गेला होता. अशा पहाटे द्राक्षबागांतून शेकोट्या पेटतात, आणि अशाच पहाटे दारातली जुनी डिझेल गाडी सेल्फ घेत नाही. कांद्याची ट्रॉली पुढे जाऊन लासलगावच्या बाजार समितीत रांगेला लागलेली असते, मालाजवळ पोरगा एकटा असतो, आणि लिलावाला हजर राहायचे ते कारभारी घरी धक्का मारायला माणसे गोळा करीत असतात. विंचूर, नैताळे, देवगाव, कुठेही विचारा, हा प्रसंग न आलेले घर विरळा. रात्री-अपरात्री आजारी माणसाला नाशिकला न्यायचे असेल, तर मग गोष्ट लिलावापुरतीही राहत नाही.

अशा वेळी सर्वांच्या तोंडी एकच वाक्य येते, ‘बॅटरी गेली!’ दुपारपर्यंत नवी बॅटरी गाडीत बसलेली असते. आमच्याही घरी तसेच झाले. थंडीत जीप अडली म्हणून सात हजारांची बॅटरी आणली, आणि दीड महिन्यात तीही मान टाकू लागली. दुकानदाराने तपासून ‘बॅटरीत दोष नाही’ असे सांगितले, तेव्हा मी त्याच्यावरच रागावलो. पण तो खरे बोलत होता. इंजिनापासून चॅसीला जाणारी अर्थिंगची पट्टी आतून गंजून निम्मी तुटली होती. त्यामुळे सेल्फला पुरी वीज मिळत नव्हती आणि अल्टरनेटरकडून बॅटरीचा भरणाही पुरा होत नव्हता. दोष निघाला शे-दोनशे रुपयांच्या पट्टीत, आणि मी मात्र बरी बॅटरी मोडीत देऊन मोकळा झालो होतो.

आपल्या भागात नाशिकलाच तयार झालेल्या जुन्या बोलेरो पुष्कळ आहेत. नोंदणीची १५ वर्षे भरली की तपासणी करून पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून घ्यायची आणि गाडी चालवायची, हा आपला रिवाज. अशा जुन्या गाडीत बॅटरीपेक्षा तिच्या आजूबाजूच्या वस्तूच जास्त थकलेल्या असतात, हे आधी ध्यानात घ्यावे.

डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखी ठिणगी नसते. हवा दाबून दाबून इतकी तापवायची की त्यात उडालेले डिझेल आपोआप पेट घेते. पेट्रोल इंजिन हवा साधारण दहापट दाबते, तर डिझेल इंजिन सोळा ते बावीस पट. एवढ्या दाबाविरुद्ध इंजिन फिरवायचे म्हणजे सेल्फला क्षणभर शेकडो अँपिअर वीज लागते. त्यात थंडीने तेल घट्ट होते, आणि नेमकी त्याच वेळी बॅटरीची ताकद उतरते. शून्य अंशाजवळ ती उन्हाळ्याच्या मानाने सुमारे दोन तृतीयांशच उरते. बॅटरी झिजते ती मात्र चैत्र-वैशाखाच्या उन्हात. तिचे झिजणे आपल्याला कळते डिसेंबरात, एवढेच.

तेव्हा पाकीट काढण्यापूर्वी पुढची परीक्षा करावी. हेडलाइट लावून सेल्फ मारा. दिवे एकदम मंदावले तर बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या टोकांशी सांधा ढिला आहे. दिवे लख्ख राहिले आणि नुसता ‘कट्’ आवाज आला, तर दोष बहुधा सेल्फमध्ये किंवा त्याच्या वायरीत असतो. इलेक्ट्रिकच्या दुकानात दोन-अडीचशे रुपयांत साधा मीटर मिळतो, तो घरात असावा. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले तर ती भरलेली आहे. १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ च्या खाली म्हणजे रिकामी समजावी. इंजिन चालू केल्यावर हाच आकडा १३.८ ते १४.४ च्या दरम्यान गेला पाहिजे. तो बारावरच अडून राहिला तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा काम करीत नाही, आणि अशा गाडीत कितीही भारी बॅटरी बसवली तरी ती आठ दिवसांत उतरणार. उलट १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला आहे. तो बॅटरीतले पाणी उकळून टाकतो.

आता अर्थिंग. मीटरची एक टोची बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर धरा, आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. हात पंख्याच्या पट्ट्यापासून लांब ठेवा आणि गाडी न्यूट्रलला आहे याची खात्री करून घ्या. सेल्फ फिरत असताना अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर पट्टी बदला. ही परीक्षा मला आधी ठाऊक असती तर!

झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने सहाही खाने तपासून घ्यावेत. भरलेल्या बॅटरीत आकडा साधारण १.२५० ते १.२८० येतो. सहांपैकी पाच खाने सारखे आणि एकच फार खाली असेल, तर चार्जिंग करूनही उपयोग नाही; तो खाना मेला. सगळेच सारखे खाली असतील तर मात्र बॅटरी दुकानात रात्रभर सावकाश चार्जिंगला लावून पाहावी. पुष्कळदा तीच पुन्हा उभी राहते.

एवढे करूनही बदलायचीच ठरली तर जुन्या बॅटरीवरचे अँपिअर-अवर पाहून तेवढीच किंवा थोडी वरची घ्यावी. लहान पेट्रोल गाडीला ३५ च्या आसपास पुरतात, डिझेल गाडीला साधारण ६० ते ८० लागतात. स्वस्त मिळते म्हणून कमी ताकदीची आणू नये. फार मोठी आणली तर ती खोबणीत बसत नाही, मग ती दोरीने बांधली जाते, आणि आपल्या पाणंदीच्या खड्ड्यांत हादरून तिच्या आतल्या पत्र्या झडतात. धन टोक डावीकडे आहे की उजवीकडे तेही पाहावे, नाहीतर वायर पोहोचत नाही आणि ओढून लावावी लागते. बॅटरीवर कोरलेला बनावटीचा महिना दुकानदाराकडून वाचून घ्यावा. वर्षभर फळीवर पडून राहिलेली बॅटरी नवी म्हणून घेऊ नये. हमीपत्रावर तारीख आणि शिक्का तिथेच मारून घ्यावा. हमीचे किती महिने पूर्ण बदली मिळते आणि किती महिने नुसती सूट, हेही विचारावे. दुकानदार ‘तीन वर्षे’ म्हणतो तेव्हा त्यात बहुधा दोन्ही धरलेले असतात.

काढताना आधी ऋण टोक, बसवताना आधी धन टोक. हातातले कडे-अंगठी काढून ठेवावी. टोके उलटी लागली तर अल्टरनेटर तिथेच जळतो. टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर ऋण टोक सोडून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावी, आणि कोरडे करून घट्ट आवळल्यावर वरून व्हॅसलीन लावावे. सोडा खान्यांच्या झाकणात जाऊ देऊ नये.

पाण्याबद्दल मात्र सांगावे तितके थोडे. बॅटरीत तेजाब एकदाच, नवी असताना भरतात. पुढे कमी होते ते पाणी, म्हणून टाकायचे तेही डिस्टिल्ड वॉटरच. विहिरीचे, बोअरचे, फिल्टरचेही चालत नाही. त्यातले क्षार पत्र्यांवर बसतात. काहीजण ‘जोर येईल’ म्हणून वरून तेजाब टाकतात, त्याने पत्र्या लवकर खातात. उन्हाळ्यात दर महिन्याला आणि एरवी दोन महिन्यांनी वरच्या खुणेपर्यंत पाणी पाहावे. आमच्या घरी हे काम सूनबाईने आपल्याकडे घेतले आहे. कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी ती बॅटरीची तारीख लिहिते, आणि तेव्हापासून एकदाही खाडा पडलेला नाही. झाकणे उघडताना जवळ विडी-काडी नको, चार्ज होणाऱ्या बॅटरीतून निघणारा वायू पेट घेतो. तेजाब अंगावर किंवा डोळ्यात उडाले तर लगेच भरपूर पाण्याने धूत राहावे, आणि डोळ्यासाठी डॉक्टरकडे जावेच.

आठवडेच्या आठवडे उभी राहणारी गाडी बॅटरीला सगळ्यांत वाईट. नुसते दोन मिनिटे इंजिन चालवून बंद केले तर सेल्फने खाल्लेलेही भरून येत नाही. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास गाडी फिरवावी. गाडीची बॅटरी दुसऱ्या कामाला तर देऊच नये. १९८७-८८ साली दूरदर्शनवर रामायण चाले, तेव्हा वीज गेली की ट्रॅक्टरची बॅटरी काढून टीव्हीला लावलेली मी पाहिली आहे. सारी गल्ली त्या एका पडद्यासमोर बसे, आणि सोमवारी ट्रॅक्टर चालू होत नसे. हल्ली तीच बॅटरी डुकरांसाठी झटका मशीनला जाते. सेल्फची बॅटरी क्षणभर मोठा जोर लावण्यासाठी बनवलेली असते, रात्रभर हळूहळू रिकामी होण्यासाठी नव्हे. त्या कामाला वेगळी बॅटरी मिळते.

अडल्या वेळी शेजारच्या ट्रॅक्टरवरून वायरी लावता येतात, कारण दोन्हीकडे १२ व्होल्टच असतात. मालट्रकवरून मात्र कधीही लावू नये. त्यात दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. धन टोक धन टोकाला जोडावे, आणि चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाची वायर अडलेल्या गाडीच्या इंजिनाच्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर लावावी.

राहिली जुनी बॅटरी. तिच्या वजनात निम्म्याहून अधिक शिसे असते, आणि ते लहान मुलांच्या मेंदूला घातक आहे. म्हणून ती अंगणात फोडू नये, तेजाब बांधावर ओतू नये, भंगारवाल्याला फुटकी देऊ नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या गोळा करून पुन्हा वापरात आणण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि त्यांचे विक्रेते बदल्यात जुनी बॅटरी घेतात. ती देताना तिचे जे पैसे कापले, ते नव्या बिलात वेगळे लिहून घ्यावेत.