फेरेट घरचा झाला, चित्ता का नाही?

बडोद्याच्या जुन्या घरांतून शिकारी चित्त्याच्या गोष्टी अजून निघतात. डोळ्यांवर टोपडे चढवून छकड्यावर बसवलेला चित्ता, आणि काळवीट दिसताच टोपडे काढणारा त्याचा रखवालदार. लहानपणी त्या ऐकताना मी वडीलधाऱ्यांना नेहमी विचारीत असे, मग चित्ता कुत्र्यामांजरांसारखा घरचा का झाला नाही? उत्तर मिळत नसे. ते पुढे सापडले एका भलत्याच प्राण्यापाशी, युरोपातल्या फेरेटपाशी.

फेरेट दिसावयास मुंगसासारखा, लांबट आणि आखूड पायांचा. पण गोत मुंगसाचे नव्हे, पाणमांजराचे. नावाच्या मुळाशी जो लॅटिन शब्द आहे त्याचा अर्थ ‘छोटा चोर’. धंदा सशांच्या बिळात शिरण्याचा. भूमध्य समुद्रातल्या बालेआरिक बेटांवर सशांनी इतका उच्छाद मांडला की, रहिवाशांनी रोमकडे दुसरी जमीन मागितली, असे दोन हजार वर्षांपूर्वीचा ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो लिहितो. उपाय म्हणून लिबियातल्या, मुद्दाम पोसलेल्या एका प्राण्याचे वर्णन तो करतो. त्याला मुसके बांधून बिळात सोडीत; तो सशाला नखांनी ओढून काढी, नाहीतर बाहेर पिटाळी, आणि तोंडाशी माणसे टपलेली असत. हा फेरेटच, असा बहुतेकांचा कयास आहे.

त्याचा रानटी पूर्वज युरोपातला पोलकॅट. हा इतका घाण मारतो की, शास्त्रीय नावातही ती दुर्गंधी उतरली आहे. कवटीच्या ठेवणीवरून पूर्वेकडचा, गवताळ मैदानातला पोलकॅटही पूर्वज म्हणून पुढे केला जाई. परंतु युरोपीय पोलकॅट आणि फेरेट या दोघांची गुणसूत्रे ४०, मैदानी पोलकॅटची ३८. फेरेट-पोलकॅटची संकरित पिल्लेही वांझ नसतात. भेद आहे तो स्वभावात. पोलकॅटचे पिल्लू वाढू लागले की अनोळखी जागेला, माणसाला बिचकते. फेरेटला ते भय जणू फुटतच नाही. जो धीट, हाताला न चावणारा, तोच पुढच्या विणीला ठेवावयाचा, असे पिढ्यानपिढ्या चालले असले पाहिजे.

माझ्या प्रश्नाचे उत्तर येथेच होते. फेरेट माणसाच्या खुराड्यात वितो. चित्ता शिकारखान्यात वीत नसे. जहांगीर आपल्या आठवणींत लिहितो की, अकबराने एकदा हजार चित्ते जमवले, त्यांची जोडी जमावी अशी त्याची फार इच्छा होती, ती फळली नाही. १६१३ च्या सुमारास एक नर गळपट्टा सोडवून मादीकडे गेला आणि तीन बछडे झाले, ते बादशहाने नवल म्हणून नोंदवून ठेवले! म्हणजे आमच्या गोष्टींतला प्रत्येक चित्ता रानातून धरून आणलेला, आणि तो मेला की रानातला दुसरा धरावयाचा. रान रिते होत गेले तसे संस्थानिक आफ्रिकेतून चित्ते मागवू लागले. १९५२ साली तो भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. २०२२ साली कुनोत, म्हणजे पूर्वीच्या ग्वाल्हेर संस्थानच्या मुलखात, नामिबियाहून आठ चित्ते आणावे लागले.

वंशज घरचा झाला म्हणून पूर्वज वाचला, असे मात्र समजू नये. ब्रिटनमध्ये शिकारी जमिनींच्या रखवालदारांनी पोलकॅट टिपून मारले. विसाव्या शतकाच्या आरंभी ते मुख्यतः मध्य वेल्समध्येच उरले, आणि त्याच काळी खुराड्यांतले फेरेट सुखाने वाढत होते. आता पोलकॅट पुन्हा इंग्लंडभर पसरत आहेत, आणि वाटेत त्यांना सुटलेले फेरेट भेटतात. त्यांची पिल्ले दिसली की तोंडावरच्या काळ्या पट्ट्यावरून, गळ्यावरच्या फिक्या ठिपक्यावरून हा रानचा की घरचा, हे जाणकार ठरवीत बसतात.