चीनच्या बाजारात : ताटही हलाल, मालही हलाल

माझ्या धाकट्या भावाचे आष्टीत मोबाईल दुरुस्तीचे छोटे दुकान आहे. डिस्प्ले, बॅटरी, चार्जिंग जॅक असा माल जालन्याहून आणता आणता त्याच्या मनात आले, की हे सगळे जिथे तयार होते ते शेनझेन एकदा डोळ्यांनी पाहावे. त्याचे इंग्रजी बेताचेच. ‘‘आपा, तुम्हीच चला सोबत,’’ असा हट्ट त्याने धरला आणि २०२४च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघे निघालो. परतूरहून रेल्वेने मुंबई, तिथून विमानाने हाँगकाँग आणि पुढे रेल्वेने शेनझेन. अम्मीला एकच काळजी होती, ‘‘तिथे खाणार काय रे पोरांनो?’’

अम्मीची काळजी खोटी नव्हती. चिनी जेवणात नुसते ‘मांस’ म्हटले की बहुतेक वेळा डुकराचेच मांस समजले जाते. भाजीसुद्धा कधी कधी त्याच चरबीत परततात आणि मांस मुरवताना दारू घालतात. म्हणून ‘भाजी द्या’ एवढे सांगून भागत नाही. ‘डुकराचे मांस, त्याची चरबी आणि दारू चालत नाही’ हे वाक्य आम्ही चिनी भाषेत छापून खिशात ठेवले होते. सोबत शेंगदाण्याची चटणी, चिवडा आणि खाकरे होते. चीनमध्ये मांस, ताजी फळे, दुधाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

पण दुसऱ्याच दिवशी मार्ग सापडला. चीनमध्ये हलाल अन्नाला ‘छिंगजेन’ म्हणतात. शब्दाचा अर्थ शुद्ध आणि सत्य. ही दोन चिनी अक्षरे पाटीवर, बहुधा हिरव्या रंगात, लिहिलेली असतात. अलीकडे काही शहरांत पाट्यांवरची अरबी अक्षरे काढली गेली आहेत. म्हणून अरबी शोधत बसू नका, ही दोन अक्षरेच ओळखायला शिका. आम्ही त्यांचा फोटो मोबाईलवर ठेवला होता.

गल्लोगल्ली दिसणारी लानझोऊ नूडल्सची दुकाने आमचे दस्तरखान बनली. ती बहुतेक छिंगहाई प्रांतातून आलेली हुई मुस्लिम कुटुंबे चालवतात. कणकेचा गोळा हातानेच ओढत, दुमडत, पुन्हा ओढत बारीक शेवया करतात. गोमांसाचा स्वच्छ रस्सा, पांढरा मुळा, हिरवी कोथिंबीर, लाल तिखटाचे तेल. पंधरा-वीस युआनमध्ये, म्हणजे आपल्या दोन-अडीचशे रुपयांत पोट भरते. गल्ल्यावर डोक्याला रुमाल बांधलेली बाई बसली होती. भाषा एकमेकींना कळत नव्हती, पण ‘अस्सलामु अलैकुम’ म्हणताच तिचा चेहरा उजळला आणि वाटीत मुळ्याच्या दोन फोडी जास्त पडल्या!

जुम्याच्या दिवशी आम्ही रेल्वेने ग्वांगझोऊ गाठले. तिथली हुआईशेंग मशीद चीनमधल्या फार जुन्या मशिदींपैकी एक. तिचा सुमारे ३६ मीटर उंच मनोरा कधीकाळी जहाजांना दिवा दाखवायचा. शहरातल्या शियानशियान मशिदीजवळ हजरत साद बिन अबी वक्कास (रजि.) यांची कबर असल्याचे तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या मानतात. इतिहासकार मात्र त्यांची कबर मदिनेत असल्याचे सांगतात. जुम्याला इथे आफ्रिकन, अरब, हुई, उइगुर आणि आपल्याकडचे व्यापारी एकत्र येतात आणि बाहेर कबाब-नानच्या गाड्या लागतात.

आता बाजाराकडे वळू. शेनझेनचा हुआछियांगबेई भाग म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या अनेक मजली इमारती आणि त्यांत हजारो छोटे गाळे. कुठे नुसते स्क्रू, कुठे नुसते कॅमेरे, कुठे नुसत्या बॅटऱ्या. भावाची अवस्था जत्रेतल्या पोरासारखी झाली. भाव कॅल्क्युलेटरवर ठरतो. पैसे बहुधा अलीपे किंवा वीचॅटने दिले जातात, म्हणून आपले कार्ड अलीपेला आधीच जोडून घ्यावे. व्हॉट्सअॅप आणि गूगल तिथल्या इंटरनेटवर चालत नाहीत, हेही घरच्यांना आधी सांगून ठेवावे.

फसगतही झाली. ‘५१२ जीबी’ लिहिलेला स्वस्त पेनड्राईव्ह मी घेतला. रात्री खोलीवर फाईली भरल्या, तर ३० जीबीनंतर सगळे बिघडले. तेव्हापासून नियम केला : वस्तू गाळ्यावरच चालवून पाहायची, मगच पैसे. चिनी बाजारासाठी बनलेल्या फोनमध्ये गूगलच्या सेवा नसतात आणि वॉरंटी आपल्याकडे बहुधा चालत नाही, म्हणून फोन आम्ही घेतलाच नाही.

तिसऱ्या दिवशी खरी परीक्षा आली. एका गाळ्यावर कानात घालायचे इअरबड पंचवीस युआनला मिळत होते. विक्रेत्याने भाषांतराच्या अॅपवर विचारले, ‘‘कोणत्या कंपनीचा लोगो लावू?’’ डबा, सील, नंबर, सगळे हुबेहूब. आष्टीत हेच दीड हजाराला सहज विकले गेले असते. भावाच्या डोक्यावर दुकानाचे कर्ज होते, त्यात अम्मीच्या बांगड्याही गेलेल्या. तो माझ्याकडे पाहत राहिला. तीन दिवस हा मुलगा प्रत्येक पाटीवर छिंगजेनची अक्षरे शोधत होता, एक घासही संशयाचा घेत नव्हता. मी एवढेच म्हटले, ‘‘गिऱ्हाइकाला काय सांगशील?’’

धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा व्यापाऱ्याला दाखवणाऱ्या प्रेषितांचा (सल्ल.) प्रसंग मी वर्गात दरवर्षी सांगते. त्या दिवशी तो सांगावा लागला नाही. भावाने डबा परत ठेवला. चेहरा मात्र पडला होता, हे खोटे कशाला सांगू?

नंतर कळले, की नकली ब्रँडचा माल आपले कस्टम खातेही जप्त करू शकते. विक्रीचा माल प्रवासी सामान म्हणून आणता येत नाही, त्यासाठी आयात-निर्यात कोड लागतो. ड्रोन आणि ई-सिगारेट आणण्यास मनाई आहे. पॉवर बँक नेहमी हातातल्या बॅगेतच ठेवावी. तिचा हिशेब सोपा आहे : २०,००० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट, भागिले १०००, म्हणजे ७४ वॅट-तास. १०० पर्यंत परवानगीशिवाय चालते. चीनच्या देशांतर्गत विमानांत २८ जून २०२५ पासून ‘३सी’ खूण नसलेली पॉवर बँक नेता येत नाही.

भावाने शेवटी स्वतःच्या कामासाठी दुरुस्तीचा मायक्रोस्कोप आणि चांगल्या चिमट्यांचा संच घेतला. आता जालन्याला पाठवावे लागणारे बोर्डाचे काम तो आष्टीतच करतो. डिस्प्ले बदलताना ‘हा ओरिजिनल, हा कॉपी’ असे दोन भाव स्पष्ट सांगतो. काही गिऱ्हाइके उठून जातात. कर्ज अजून फिटलेले नाही, हप्ते मात्र चुकत नाहीत, अल्हम्दुलिल्लाह.

अम्मीने परतल्यावर पुन्हा तेच विचारले, ‘‘खाल्ले तरी काय तिकडे?’’ भाऊ म्हणाला, ‘‘अम्मी, जे खाल्ले ते विचारून खाल्ले. आणि जे विकतोय, तेही सांगून विकतोय.’’